बोट उड्या का मारत होती?

पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला निघालेली आमची बोट स्वतःच डॉल्फिनसारखी उड्या मारायला लागली, तेव्हा मामाचं निदान तयार होतं: “इंजिन जड झाला, दुसरा काय!” मालवणातली सहा मीटरची फायबरची बोट. जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (मागे बाहेरून टांगलेलं इंजिन) काढून फोर-स्ट्रोक बसवलं होतं, ते साठेक किलो जास्त भरत होतं. मी नेव्हल आर्किटेक्चर, म्हणजे बोटी-जहाजांची रचना, शिकलेलो, म्हणून प्रकरण माझ्या गळ्यात आलं.

उड्या म्हणजे लाटांचे हिसके नव्हेत. शांत पाण्यातही वीस नॉटच्या (ताशी सुमारे 37 किलोमीटर) पुढे गेलं की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर-खाली, वर-खाली, आणि थ्रॉटल कमी केल्याशिवाय थांबायचं नाव नाही. या वेगाला बोट तरंगत नसते, पाण्यावरून घसरत असते. बहुतेक वजन तळाखालून जाणाऱ्या पाण्याचा दाब पेलतो, आणि तोही मागच्या अर्ध्या भागावरच. नाळ प्रमाणाबाहेर वर गेली की दाब वाढतो, बोट उचलली जाते, भिजलेला तळ कमी होतो, आधार मागे सरकतो आणि नाळ खाली पडते. की पुन्हा पहिल्यापासून.

डॅनियल साविट्स्की यांनी 1964 साली मांडलेली पद्धत यासाठी अजूनही वापरतात. वजन, रुंदी, तळाचा व्ही-कोन (तळाच्या बाजू मधल्या रेषेपासून किती अंश वर चढतात), वेग आणि गुरुत्वमध्य ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या फळीच्या, किती पुढे आहे, एवढं दिलं की बोट किती अंश नाळ उचलून पळेल ते निघतं. आमची भरलेली बोट 1400 किलो, रुंदी 1.9 मीटर, व्ही-कोन 16 अंश. गुरुत्वमध्य दोन मीटरवर धरून 25 नॉटला साडेतीन अंश आले. म्हणजे झकास, चारेक अंशांच्या आसपास पाण्याचा विरोध सर्वांत कमी असतो. आता जादा साठ किलो मागे टाकले. गुरुत्वमध्य आठ-नऊ सेंटीमीटर सरकला, कोन वाढला फार तर पाव अंश. एवढ्याशाने बोट नाचत नाही.

बंदरावर सल्ल्यांना तोटा नव्हता. एकाचं म्हणणं, बोटच बदला, डीप-व्ही (खोल व्ही आकाराच्या तळाची) घ्या. डीप-व्हीचं नाव झालं ते 1960 च्या मायामी-नासाउ मोटरबोट शर्यतीत. रे हंट यांनी आखलेली ‘मॉपी’ खवळलेल्या समुद्रात जिंकली होती. पण खोल व्हीला घसरायला ताकद जास्त लागते, आणि आम्हाला कुठे शर्यत मारायची होती?

साविट्स्कींचं गणित मागचा तळ सरळ आहे असं धरून चालतं. आमचा होता का? पावसाळ्यात बोट ओंडक्यांवर काढलेली होती. गवंड्याची ॲल्युमिनियमची पट्टी घेऊन खाली झोपलो आणि कण्याला (तळाच्या मधल्या रेषेला) समांतर तळाला लावली. दीड मीटरभर पट्टी चिकटून बसली, पण ट्रान्समजवळच्या शेवटच्या हातभर भागात फट. करंगळी अर्धी आत जात होती. आधीच्या दुरुस्तीत कोणीतरी तिथे फायबरच्या मॅटचे जादा थर चढवून ग्राइंडरने कडेला छान गोलाई दिली होती. दिसायला देखणी, कामाला घातक. पाणी अशा वळणाला चिकटून वर वळतं, तिथला दाब घटतो, बोटीचा मागचा भाग खाली ओढला जातो आणि नाळ वर जाते. तळ पाण्याला सोडताना कड धारदारच हवी.

थर घासले, इपॉक्सी पुट्टी भरली, पट्टी लावून पुन्हा घासलं. मामा पूर्ण वेळ “एवढ्याशा खड्ड्यान काय होता?” म्हणत उभा. हात लागलाच होता म्हणून बॅटरीही पुढच्या बाकाखाली नेली.

नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात घातली. सहा माणसं घेऊन 25 नॉटला नाळ जागची हलली नाही. इंजिन पूर्ण बाहेर ट्रिम केलं, म्हणजे त्याचा खालचा भाग बोटीपासून दूर झुकवला, तर अजूनही डुलते, म्हणून मामाने ट्रिमच्या बटणाशेजारी लाल टेप लावली आहे. ट्रिम टॅबचं (नाळ खाली ठेवायला ट्रान्समला लावायच्या पट्ट्यांचं) कोटेशन मागवलं होतं, ते तसंच पडून आहे.