स्वतंत्र आणि परतंत्र

गोव्यातल्या सारस्वत घरांत अद्वैत-द्वैत हा भेद मुलांना प्रथम मठाच्या नावानेच कळतो: कवळे मठाचे ते स्मार्त, म्हणजे अद्वैती; पर्तगाळी मठाचे ते वैष्णव, म्हणजे द्वैती. एकादशी कोणत्या दिवशी करायची, एवढ्यावर तो बहुधा थांबतोही. मुळात मात्र जे जे आहे त्याची वर्गवारी कशी लावावी, असा तो वाद आहे आणि ईश्वर युक्तीने सिद्ध होतो की नाही, हे पुष्कळसे त्या वर्गवारीवरच ठरते.

न्यायदर्शनाचे, म्हणजे तर्कशास्त्राच्या परंपरेचे, आचार्य उदयन यांच्या ‘न्यायकुसुमांजली’तले प्रसिद्ध अनुमान असे: कार्याला, म्हणजे निर्माण झालेल्या वस्तूला, कर्ता असतो, पृथ्वी आदी पदार्थ कार्य आहेत, म्हणून त्यांनाही कर्ता हवा. दृष्टांत घटाचा देतात, पण चवथीआधीची, गणपती घडवणारी एखादी चित्रशाळाही चालेल. पाटावर ओल्या मातीची बैठक, तिच्यावर धड, मग वेगळी वळलेली सोंड ओल्या बोटाने सांधलेली. असे सांध्यांनी जुळलेले कुणीतरी जुळवलेलेच असते. माती मात्र मूर्तिकाराला आयती मिळते. न्याय आणि त्याच्या जोडीचे वैशेषिक या दर्शनांच्या ईश्वराचेही तसेच आहे. परमाणू, आकाश, काल हे सारे त्याच्याइतकेच नित्य आणि तो जगाचे केवळ निमित्तकारण, म्हणजे घडवणारा, सामग्री नव्हे. अनुमान साधले तरी हाती येतो तो कुशल कारागीर. (रामानुजाचार्यांना तर हे अनुमानच मान्य नव्हते.)

इब्न सीना (980–1037) या मुस्लिम तत्त्वज्ञाने रेघ दुसरीकडे ओढली. वस्तू नित्य की अनित्य हे बाजूला ठेवून, ती स्वतःच्या स्वरूपामुळेच आहे की दुसऱ्या कशामुळे, असे त्याने विचारले. जग अनादि आहे असेच त्याचे मत होते, तरी त्याच्या लेखी ते परावलंबी. कारणांची साखळी कितीही मागे नेली तरी सगळ्या परावलंबी वस्तूंचा समूह परावलंबीच राहतो, आणि त्याचा आधार समूहाबाहेरच असावा लागतो. तो आधारही परावलंबी असता तर समूहातच मोजला गेला असता. थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने तेराव्या शतकात, प्रत्येक वस्तू कधीतरी नसते म्हणून एके काळी काहीच नसते, असा काळाचा मुद्दा आत घेतला आणि तिथे युक्तिवाद लंगडा झाला, कारण प्रत्येक वस्तू कधीतरी नसली तरी सगळ्या एकाच वेळी नसतात असे ठरत नाही.

त्याच शतकातल्या, द्वैतमताच्या मध्वाचार्यांच्या ‘तत्त्वसंख्याना’ची सुरुवातच स्वतंत्र आणि अस्वतंत्र या दोन तत्त्वांनी होते. जीव अनादि, तरी परतंत्र; म्हणजे रेघ जवळपास तीच. पण मध्वांनी तिच्यावरून ईश्वर अनुमानाने काढला नाही, तो सदागमांनीच, म्हणजे वेदादी प्रमाण ग्रंथांनीच, कळतो असे म्हटले. ही सावधगिरी मला रास्त वाटते. स्वतःच्या स्वरूपामुळेच असलेली वस्तू एकच, इथपर्यंत इब्न सीना मला पटतो, कारण तशा दोन असत्या तर त्यांना वेगळे करणारे तिसरे काही लागले असते आणि त्या त्यावर अवलंबून राहिल्या असत्या. ती वस्तू जाणते आणि कल्याणकारी आहे, हे मात्र ‘कशावरही अवलंबून नसणे’ या एका लक्षणातून कसे निघते, हे त्याच्या पुढच्या विवेचनातूनही मला उलगडत नाही.