तुम्ही विचारलंत म्हणून: 60 तासांत काय बसवायचं?

एम.ए.ला तात्त्विक तर्कशास्त्राचा पेपर शिकवते म्हटलं, की नव्याने नोकरीला लागलेले प्राध्यापक हमखास विचारतात: त्यात घालायचं काय आणि गाळायचं काय?

चार क्रेडिट म्हणजे 60 तास. त्यातले आठ-दहा सत्यता कोष्टकं (सुटी विधानं खरी-खोटी धरली तर त्यांचं जोडविधान खरं की खोटं, याचे तक्ते) गिरवण्यात जातात, कारण निम्मी मुलं साहित्य नाहीतर इतिहास करून आलेली असतात. पहिल्या वर्षी मी हावरटपणा केला. गोडेल या तर्कशास्त्रज्ञाची 1931ची अपूर्णतेची प्रमेयं (अंकगणिताच्या कुठल्याही सुसंगत नियमव्यवस्थेत सिद्ध न होणारी खरी विधानं उरतातच, असं सांगणारी) सिद्धतेसकट घेतली. मुलांनी ती पाठ केली, पेपरात उतरवली आणि विसरली. दुसऱ्या वर्षी गोडेलला रजा दिली. (गणितवाले त्याला माझ्यापेक्षा बरा शिकवतात.)

आता सुरुवात शाळेतल्या व्याकरणापासून. 'पाऊस पडला असता तर पीक आलं असतं.' संकेतार्थ, सगळ्यांनी घोकलेला. कोष्टक म्हणतं, 'जर'चा भाग खोटा असला की अख्खं विधान खरं. पाऊस तर पडलाच नाही. मग 'पाऊस पडला असता तर पीक जळून गेलं असतं' हेही खरंच! घरी शेती असलेला एखादा इथे फस्सकन हसतो. त्या हसण्यावर माझे पुढचे पंधरा तास निघतात. आधी तत्त्वज्ञ क्रिपकेची शक्य जगं, म्हणजे गोष्टी जशा असू शकल्या असत्या ती चित्रं. मग त्यांवरून 'असतं तर'ची विधानं तपासणारे स्टॉलनेकर (1968) आणि डेव्हिड लुईस (1973): अगदी आपल्यासारखंच, पण पाऊस झालेलं जग घ्यायचं आणि तिथलं शिवार बघायचं. 'आपल्यासारखंच' म्हणजे किती, यावर वर्ग भांडतो.

न्यायदर्शन, म्हणजे आपली जुनी तर्काची परंपरा, शेवटच्या युनिटात शेपटासारखं जोडायची पद्धत मला पटत नाही. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह', न्यायाचं सुरुवातीचं पाठ्यपुस्तक, मी याच भांडणात आणते. 'अग्नी नसता तर धूरही नसता' हे त्याचं तर्काचं उदाहरण. आणि तर्काला तो बसवतो कुठे? संशय आणि विपर्यय (चुकीचं ज्ञान) यांच्या पंगतीत, अयथार्थ म्हणजे खऱ्याला धरून नसलेल्या अनुभवांत! कारण तर्क जे नाही ते मुद्दाम आरोपून चालतो. विषयाचं नावच तर्कशास्त्र, आणि तर्क असा चुकांच्या पंगतीत, मुलं चिडतात.

बहुमूल्यी तर्कशास्त्राला (खरं-खोटं या दोहोंपलीकडे मधल्या किमतीही मानणाऱ्या) जेमतेम दोन तास. राशीचा कूटप्रश्न मात्र सोडत नाही: एकेक दाणा काढत गेलं तर रास संपते कधी? त्याला चिन्हं लागत नाहीत, सुपात ज्वारी आणली तरी पुरते.

यंदा एका मुलीने विचारलं, "मॅडम, 'पाऊस पडो' याचं कोष्टक कसं मांडायचं?" इच्छा खरी की खोटी, हे कोष्टकात मांडता येत नाही; त्याच्यासाठी युनिट अजून नाही. कुठून तास काढायचे ते बघते आहे.