आत्मा अडकत नाही: दहाव्या-बाराव्याचे विधी नेमके कोणासाठी असतात?

दहाव्या दिवशी घाटावर पिंड मांडलेले असतात, कावळे झाडावर बसलेले असतात आणि कोणीतरी हळू आवाजात म्हणते, ‘आत्मा अडकलाय, म्हणून शिवत नाही.’ आधीच खचलेल्या घरच्यांच्या मनात हे वाक्य पुढे कित्येक वर्षे घर करून राहते. ज्या परंपरेतले हे विधी आहेत, त्या परंपरेप्रमाणेच ते वाक्य चूक आहे. आत्मा अडकत नाही, भटकत नाही, त्याला भूक लागत नाही आणि त्याला पिंडही पोचत नाही. दहा-बारा दिवसांचा सगळा खटाटोप असतो तो प्रेतासाठी. प्रेत म्हणजे इथे मढे नव्हे. देह जळल्यानंतर आणि पितरांत मिळण्याआधी गेलेला जीव ज्या मधल्या अवस्थेत असतो, ती अवस्था. हा फरक एकदा नीट कळला की विधीतली जवळजवळ प्रत्येक कृती का आहे हे उलगडते, आणि निम्मी भीतीही जाते.

कठोपनिषदात नचिकेता यमाला तिसऱ्या वरात हाच प्रश्न विचारतो: माणूस गेल्यावर कोणी म्हणतात तो असतो, कोणी म्हणतात नसतो, खरे काय? यम त्याला श्राद्ध कसे करावे ते सांगत नाही. जो जन्मत नाही, मरत नाही, शरीर मारले तरी मारला जात नाही, त्या आत्म्याबद्दल सांगतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हेच पुन्हा येते. वेदान्ताच्या दृष्टीने आत्मा म्हणजे केवळ जाणीव, साक्षी. जागेपण, स्वप्न आणि गाढ झोप या तिन्ही अवस्था ज्याला कळतात पण ज्याच्यात काही बदल होत नाही, तो. जो सर्वव्यापी आहे तो एका घरातून दुसऱ्या घरात जाणार कसा? जाणे-येणे त्याला लागूच नाही.

मग जाते काय? जातो तो लिंगदेह, म्हणजेच सूक्ष्म शरीर. वेदान्ताच्या प्रचलित मोजणीप्रमाणे त्याचे 17 घटक आहेत: पाच ज्ञानेंद्रिये, पाच कर्मेंद्रिये, पाच प्राण, मन आणि बुद्धी. सांख्य 18 धरतात, कारण ते अहंकार आणि तन्मात्रा मोजतात आणि प्राण वेगळे मोजत नाहीत. इच्छा, सवयी, केलेल्या कर्मांचे संस्कार, राहून गेलेल्या गोष्टींची ओढ हे सगळे या लिंगदेहात. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाची सुरुवातच, जीव सूक्ष्म भूतांनी वेढलेला असा पुढे जातो, या सूत्राने होते. ‘अमक्याचा आत्मा’ असे आपण बोलतो तेव्हा बहुतेक वेळा आपल्या डोळ्यांसमोर हा लिंगदेहच असतो. त्याला नाव, नाते, आवडनिवड असते. आत्म्याला यातले काहीच नसते.

आता प्रेत. स्थूल देह जळला की लिंगदेहाला भोगासाठी साधन उरत नाही. दहनाच्या वेळी खांद्यावरच्या मडक्याला ज्या दगडाने तीन छिद्रे पाडतात, तो दगड म्हणजे अश्मा. आपल्याकडे त्याला जीवखडाही म्हणतात. दहा दिवस तिलांजली त्याच्यावर दिली जाते, कारण देह नसलेल्याला पाणी द्यायचे तर काहीतरी ठिकाण लागते. म्हणून तो सांभाळून ठेवायचा असतो. नदीकाठी ठेवून तो इतर दगडांत हरवणे ही नेहमी होणारी चूक. पहिल्याच दिवशी फडक्यात बांधून एका माणसाच्या ताब्यात द्यावा, आणि तरीही हरवला तर घाबरून न जाता गुरुजींना लगेच सांगावे.

दहा पिंड हा या विधींचा गाभा. गरुडपुराणाच्या प्रेतखंडाप्रमाणे या पिंडांतून प्रेताला हातभर लांबीचा एक नवा देह मिळतो. पहिल्या दिवशीच्या पिंडाने डोके, दुसऱ्याने मान आणि खांदे, तिसऱ्याने हृदय, चौथ्याने पाठ, पाचव्याने नाभी, सहाव्याने कंबर आणि गुह्यांग, सातव्याने मांड्या, आठव्याने गुडघे, नवव्याने पावले. दहाव्याने तहान-भूक. इतर ग्रंथांत अवयवांचा क्रम थोडा वेगळा सापडतो, पण दहावा पिंड भुकेचा हे बहुतेक ठिकाणी सारखे आहे. नऊ दिवसांत देह पुरा झाला, दहाव्या दिवशी त्याला भूक लागली, म्हणून अकराव्या-बाराव्याला त्याला जेवायला घालायचे. हल्ली दहाही पिंड बहुधा दहाव्याला एकत्रच देतात. तसे चालते, पण निदान क्रमाने द्यावेत आणि कशासाठी कोणता पिंड हे कर्त्याने, म्हणजे विधी करणाऱ्याने, गुरुजींकडून ऐकून घ्यावे. पिंड शिजवलेल्या भाताचे किंवा पिठाचे, त्यात काळे तीळ, वर तूप-मध. तोंड दक्षिणेकडे, जानवे उजव्या खांद्यावर म्हणजे अपसव्य, आणि पाणी सोडायचे ते अंगठा व तर्जनी यांच्या मधून. मध्येच आचमनासाठी सव्य केले की पुन्हा अपसव्य करायचे राहून जाते. गुरुजी सांगतीलच, पण कर्त्याचेही लक्ष हवे.

याच पुराणात एक हिशोब आहे, तो मला फार बोलका वाटतो. यमलोकाचे अंतर 86,000 योजने (योजन हे अंतराचे जुने माप) आणि प्रेताची चाल दिवसरात्र मिळून 247 योजने. तेराव्या दिवशी प्रवास सुरू होतो. 360 दिवसांच्या वर्षातून पहिले 12 वजा केले की 348 उरतात, आणि 348 गुणिले 247 म्हणजे 85,956. वर्षभराच्या मासिक श्राद्धांची शिदोरी याच प्रवासासाठी. बारा मासिके आणि ऊनमासिक, त्रैपाक्षिक, ऊनषाण्मासिक, ऊनाब्दिक ही चार, अशी सोळा श्राद्धे. हिशोब शब्दशः घ्या अथवा न घ्या. पण प्रवास, अंतर, भूक, थकवा हे सगळे प्रेताचे आहे हे यातून स्वच्छ दिसते. ज्याला ठिकाण नाही त्याला अंतर कसले?

आता कावळ्याकडे येऊ. कावळा शिवण्याचा संबंध लावायचाच तर तो प्रेताच्या उरलेल्या इच्छेशी आहे. घरातले लोक ‘मुलांकडे बघू’, ‘कर्ज फेडू’ असे मोठ्याने सांगतात ते त्यासाठी. पण कावळा न शिवण्याची साधी कारणे भरपूर आहेत: भर दुपार, माणसांची गर्दी पिंडाच्या अगदी जवळ, एकाच घाटावर सकाळपासून शेकडो पिंड खाऊन पोट भरलेले कावळे. पिंड मांडून सगळ्यांनी चांगले वीस-पंचवीस पावले मागे सरावे. तासाभरात काही झाले नाही तर दर्भाचा कावळा करून शिववावा. ही पळवाट नाही, रूढ आणि मान्य रीत आहे. त्याने विधीत काही कमी राहत नाही. ‘दर्भाचा शिवला’ म्हणून पुढे वेगळी शांत करायला लावणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा.

अकराव्याचे श्राद्ध एकोद्दिष्ट, म्हणजे एकट्यासाठीचे. याज्ञवल्क्य स्मृतीत त्याची लक्षणे आहेत: विश्वेदेव (श्राद्धात पितरांसोबत पुजले जाणारे देव) नाहीत, अर्घ्य एक, दर्भाचे पवित्रक एक, आवाहन नाही, अग्नौकरण म्हणजे अग्नीत आहुती नाही. ‘अक्षय्य’ म्हणायच्या जागी ‘उपतिष्ठताम्’ म्हणायचे. संकल्पात नावापुढे ‘प्रेत’ लागते, ‘पितृ’ लागत नाही, आणि पितरांना देताना म्हणायचा ‘स्वधा’ हा शब्द टाळतात. कारण तो अजून पितर झालेला नाही. एकटा आहे.

हे एकटेपण संपते सपिंडीकरणात, म्हणजे प्रेताचा पिंड पितरांच्या पिंडांत मिसळण्याच्या विधीत. मुख्य दिवस वर्षाअखेरचा, पण आपल्याकडे ते बाराव्याला करतात: कुळाचार असंख्य, आयुष्याचा भरवसा नाही, देह अशाश्वत, म्हणून बारावा दिवस चांगला असे वचन आहे. शिवाय सपिंडी झाल्याशिवाय घरातली मंगलकार्ये अडतात. सोळा श्राद्धे आधीच ओढून घेऊन पुरी करतात आणि मासिके पुन्हा आपापल्या वेळी होतात. सपिंडीत चार अर्घ्यपात्रे असतात, एक प्रेताचे, तीन पितरांची. प्रेतपात्रातले पाणी ‘ये समानाः’ या मंत्रांनी तिन्ही पात्रांत ओतायचे. मग पिंड. पितरांचे तीन गोल, प्रेताचा लांबट. त्या लांबट पिंडाचे तीन भाग करून एकेक भाग एकेका पिंडात मिसळायचा, इतका की कुठला कोणाचा हे ओळखू येऊ नये. घाईत भाग नुसते वर ठेवून दिले जातात. तसे करू नये, मिसळणे हाच विधी आहे. हात पुसून उठताना कर्त्याने बघावे, समोर चार नाहीत, तीनच पिंड आहेत. त्या क्षणापासून त्या माणसाला कोणी प्रेत म्हणायचे नाही. तो आता वसुरूप, त्याच्या वरचा रुद्ररूप, त्याच्या वरचा आदित्यरूप. त्याही वरचा चौथा पिंडाच्या पंक्तीतून उठतो आणि लेपाचा, म्हणजे हाताला चिकटून राहिलेल्या पिंडाच्या अंशाचा, धनी होतो.

परंपरेत इथे एक ताण आहे. बृहदारण्यकात म्हटले आहे की गवतावरची अळी पुढचे पाते पकडते आणि मगच मागचे सोडते, तसा जीव दुसरा आधार घेऊनच हा देह सोडतो. मग बारा दिवस, वर्षभर थांबणारा कोण? वाटेत मिळणारा हा तात्पुरता देह म्हणजेच तो दुसरा आधार, असे म्हणून मेळ घालता येतो. मला तो पटतो, पण हा मेळ मागाहून घातलेला आहे. उपनिषदांना आत्म्याची चिंता होती, विधी सांगणाऱ्या कल्पग्रंथांना कर्त्याची.

प्रेतत्व आत्म्याचे नाही याचा सर्वांत भक्कम पुरावा संन्याशाचा. यतीला दहन नाही, दशपिंड नाहीत, एकोद्दिष्ट नाही, सपिंडी नाही. अकराव्या दिवशी थेट पार्वण श्राद्ध, म्हणजे तीन पिढ्यांच्या पितरांचे श्राद्ध, आणि बाराव्याला नारायणबली. संन्यास घेताना त्याने स्वतःचे श्राद्ध करून टाकलेले असते, म्हणून तो प्रेत होतच नाही. कमलाकर भट्टांचा 1612 सालचा निर्णयसिंधु आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा 1790 च्या सुमाराचा धर्मसिंधु हे आपल्या पुरोहितांचे नित्याचे आधार; दोन्हींत यतीसाठी हा वेगळा विधी आहे. तसेच दोन वर्षांच्या आतले मूल: त्याला पुरायचे, उदक द्यायचे नाही, असे याज्ञवल्क्य सांगतो. आत्मा तर संन्याशात, तान्ह्या मुलात आणि गृहस्थात एकच. विधी बदलतात कारण मागे राहिलेल्या गाठी बदलतात.

मुंजा, हडळ, समंध, गिऱ्हा ही लोकसमजुतीतली मंडळीही प्रेताच्याच बाजूची. मुंज झालेला पण लग्न न झालेला तो मुंजा, बाळंतपणात गेलेली ती हडळ, बुडून मेलेला तो गिऱ्हा. प्रत्येकाची ओळख काय अपुरे राहिले यावरून ठरते. हे समाजाच्या दुःखाचे वर्गीकरण आहे आणि तसेच ते वाचावे. त्यावरून कोणी ‘तुमच्या घरात आत्मा आहे, उतरवून देतो’ म्हणून मारहाण, कोंडून ठेवणे, चटके असे काही करू लागला, तर महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षे कैद आणि 5,000 ते 50,000 रुपये दंड. पोलिसांत जावे.

बाराव्याला ऐनवेळी सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो नावांचा. दोन दिवस आधी कागदावर गोत्र आणि वरच्या तीन पिढ्यांची नावे लिहून ठेवा. वडील गेले असतील तर आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. आई गेली असेल तर सर्वसाधारणपणे तिची सासू, आजेसासू, पणजेसासू, पण घरची रीत विचारून घ्या. आजोबा हयात असतील तर त्यांचा पिंड करता येत नाही, पणजोबांपासून वर मोजायचे. गोत्र माहीत नसेल तर काश्यप सांगतात. आणि नावेच कोणाला आठवत नसतील तर अनुक्रमे पृथ्वीषत्, अंतरिक्षसत् आणि दिविषत् ही नावे घेतात.