वही तीच, मास्तर नवा: फँजिओनं ईगल्सच्या बचावात काय बदललं

अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाला नवा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे बचावाचा मास्तर, मिळाला की पहिला प्रश्न ठरलेला: आता थ्री-फोर (ओळीवर तीन लाइनमन, मागच्या फळीत चार लाइनबॅकर) खेळणार की उलट, फोर-थ्री? एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये आता या प्रश्नात फारसा दम राहिलेला नाही. निम्म्याहून अधिक वेळ मैदानात पाच किंवा जास्त डिफेन्सिव्ह बॅक (मागे राहून पास अडवणारे) असतात, मग ते आकडे कार्यक्रमपत्रिकेपुरतेच. विचारायचं ते असं: हा माणूस समोरच्याला काय द्यायला तयार आहे? मैदान ५३ यार्डांहून रुंद, खेळाडू अकरा. काहीतरी सोडावंच लागतं.

फिलाडेल्फिया ईगल्सनी २०२३ च्या साखळीत १७ सामन्यांत ४२८ गुण दिले, २०२४ मध्ये ३०३. मधल्या काळात, जानेवारी २०२४ मध्ये, बचावाचा कोऑर्डिनेटर म्हणून विक फँजिओ आला. गंमत अशी की २०२३ ची सुरुवात ज्याच्या हाती होती तो शॉन देसाई शिकागोत फँजिओच्याच हाताखाली तयार झालेला. त्या डिसेंबरात डाव पुकारण्याचं काम त्याच्याकडून काढून मॅट पॅट्रिशियाला दिलं गेलं, आणि प्लेऑफ धरून त्या हंगामातल्या शेवटच्या सातपैकी सहा सामने हातचे गेले. म्हणजे फँजिओनं आणलेली डावपेचांची वही फिलाडेल्फियाला अनोळखी नव्हती. मग १२५ गुण वाचले कुठे?

आधी वही काय सांगते ते बघू. दोन सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचे राखणदार, साधारण १०-१२ यार्डांवर. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर सीमारेषेवर माणसं ठेवायची, चौकार द्यायचा नाही, एकेक धाव घेऊ द्यायची. पाच-सहा यार्डांचे पास देऊन ७५ यार्ड चालायला बारा-पंधरा डाव लागतात, आणि तेवढ्यात समोरचा कुठेतरी चुकतो, यावर हा सगळा जुगार.

किंमत धावेच्या खेळात मोजावी लागते. समोरच्याचे पाच लाइनमन आणि त्यांच्या शेजारचा एक टाइट एंड म्हणजे धावणाऱ्याची वाट मोकळी करणारे सहा ब्लॉकर. त्यांच्यामधल्या पाच आणि दोन्ही टोकांच्या दोन, अशा सात फटी. दोन सेफ्टी मागे, दोन कॉर्नर कडेला, निकेल (पाचवा डिफेन्सिव्ह बॅक) स्लॉटमधल्या, म्हणजे आतल्या बाजूला उभ्या, रिसीव्हरवर (पास झेलणाऱ्यावर). पुढे उरले सहा. सात फटी, सहा माणसं. ही एकाची तूट भरायची तर बचावाच्या मधल्या लाइनमनला दीड फट सांभाळावी लागते: समोरच्याला दोन्ही हातांनी लांब धरायचं, नजर धावणाऱ्यावर, आणि तो जिकडे वळेल तिकडे अंग टाकायचं. लगेच आत घुसणाऱ्याला हे जमत नाही. जॉर्डन डेव्हिससारखा जवळजवळ दीडशे किलोचा गडी इथे उपयोगाचा. कधी फँजिओ ओळीवर पाच जण लावतो, मागे एकच लाइनबॅकर. समोरच्या ओळीतले मधले तिघे, म्हणजे सेंटर आणि दोन्ही गार्ड, यांच्यासमोर माणूस आला की दोघांनी मिळून एकाला ढकलणं अवघड होतं.

मागच्या फळीचं गणित जास्त नाजूक. क्वार्टर्समध्ये, म्हणजे मागचं मैदान चौघांत वाटून घेण्याच्या रचनेत, सेफ्टीची नजर आतल्या रिसीव्हरवर. तो आठ-दहा यार्ड सरळ वर आला तर त्याला सेफ्टी धरतो. पाच यार्डांच्या आतच बाहेर वळला तर तो निकेलचा किंवा लाइनबॅकरचा. सेफ्टी मोकळा होतो आणि बाहेरच्या रिसीव्हरच्या आतल्या बाजूला झाकतो. फँजिओ बऱ्याचदा एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला कव्हर टू खेळवतो. तिथे कॉर्नर खाली बसतो आणि सेफ्टीकडे अर्धं मैदान. पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला स्नॅपआधी, म्हणजे चेंडू खेळात येण्याआधी, दोन्ही बाजू सारख्याच दिसतात.

फिसकटतं ते हवालीत. आतला रिसीव्हर सात यार्डांवर थांबला, ना वर ना बाहेर, तर तो कुणाचा? सेफ्टीला वाटतं निकेलचा, निकेलला वाटतं सेफ्टीचा, आणि मध्ये एक जण मोकळा उभा. बरं, हेल्मेटमधला कोचचा आवाज प्ले क्लॉकवर (डाव सुरू करायच्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की बंद. त्यानंतर रिसीव्हर या टोकाचा त्या टोकाला गेला की बदल खेळाडूंनीच ओरडून किंवा हातवारे करून कळवायचे. नवा कोऑर्डिनेटर मे-जूनच्या सरावात वेळ घालवतो तो यावर. नवीन डाव किती शिकवले याला फार अर्थ नाही. एकच डाव समोरच्या किती रचनांविरुद्ध घोटून घेतला, हे बघावं.

आणि माणसं. झॅक बॉन न्यू ऑर्लिन्सकडून आला तो एका वर्षाच्या स्वस्त करारावर, कडेचा आणि स्पेशल टीम्सचा (किकच्या डावांचा) खेळाडू म्हणून. फँजिओनं त्याला मध्ये आणला. त्याच हंगामात तो फर्स्ट-टीम ऑल-प्रो झाला, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम संघात निवडला गेला. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, २२ व्या क्रमांकावर कॉर्नर क्विनियन मिचेल, ४० व्यावर कूपर डीजीन. माझ्या मते १२५ गुणांचं मोठं उत्तर या तिघांत आहे.

तरी पहिल्या चार सामन्यांत हिशेब २-२. अटलांटानं शेवटच्या दोन मिनिटांत, एकही टाइमआउट हातात नसताना, ७० यार्ड मारून सामना नेला. मागे बसणाऱ्या बचावाचं हे जुनं दुखणं: घड्याळ संपत आलं की एकेक धावसुद्धा महाग पडते. मग टँपानं ३३-१६ असं धुतलं. सुट्टीच्या आठवड्यानंतर डीजीन स्लॉटमध्ये सुरुवातीपासून खेळू लागला आणि उरलेल्या १३ पैकी १२ सामने जिंकले. स्लॉटमधला माणूस टॅकल चुकवत नसेल तर सहा जणांची पुढची फळी सात जणांसारखी वागते.

९ फेब्रुवारी २०२५ चा सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचला लागला. कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सवर फँजिओनं एकदाही ब्लिट्झ (चौघांपेक्षा जास्त जण) पाठवला नाही. चौघेच धावले, सात जण मागे. सहा सॅक, म्हणजे पास सुटायच्या आत क्वार्टरबॅकला पाडणं. दुसऱ्या क्वार्टरमध्ये लागोपाठ दोन सॅक झाले, थर्ड अँड सिक्स्टीन (तिसरा डाव, १६ यार्ड बाकी) आली. कबड्डीतली ‘करो या मरो’ चढाईच ती. माहोम्स उजवीकडे पळाला, पाठलाग चुकवत फेकला, आणि डीजीननं मध्ये झेपावून ३८ यार्डांचा टचडाउन केला. मध्यंतराला २४-०, कॅन्सस सिटीचे एकूण यार्ड २३. शेवटी ४०-२२.

त्या दिवशी अडीच सॅक करणारा जॉश स्वेट आणि दोन करणारा मिल्टन विल्यम्स महिन्याभरात दुसऱ्या संघांकडे गेले. चौघांत दम नसेल तर मागच्या सातांतून एक उसना घ्यावा लागतो, आणि तो घेतला की क्वार्टर्सची वर सांगितलेली सगळी वाटणी विस्कटते. ईगल्सनी नोव्हेंबर २०२५ मध्ये मायामीला तिसऱ्या फेरीचा ड्राफ्ट पिक देऊन कडेचा जेलन फिलिप्स आणला. २०२३ मध्ये तो मायामीत फँजिओच्याच हाताखाली खेळला होता.