हॉल तिकिटाची पाठ

हॉल तिकीट उलटं करून बघायला दोन सेकंद लागतात. पंचवीस मुलांची पन्नास सेकंदं. हा हिशोब मी घरी येऊन, चहा गार होईपर्यंत घालत बसलो होतो.

मार्च २०२५, दहावीचा गणित भाग २, म्हणजे भूमिती. मी मराठी आणि इतिहास शिकवतो, म्हणून तर त्या दिवशी मला पर्यवेक्षक म्हणून पाठवलं. ज्या विषयाचा पेपर, त्या विषयाच्या शिक्षकाला वर्गावर ठेवायचं नाही असा दंडक आहे, आणि तो योग्यच आहे. नाहीतर मास्तरच्या चेहऱ्यावरूनच पोरं उत्तर ताडतात. आमचे गणिताचे सर त्या सकाळी आमच्या शाळेत सातवीचा तास घेत होते. केंद्र दोन चौक पलीकडे, पेठेतल्या एका जुन्या दगडी शाळेत.

लोकांना वाटतं पर्यवेक्षण म्हणजे येरझाऱ्या. येरझाऱ्या नंतरच्या. खरी धांदल साडेदहा ते अकरा. उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक अंकात आणि अक्षरात, दोन्ही जुळले पाहिजेत. बारकोडचं स्टिकर चौकटीतच बसलं पाहिजे. मग आपली सही. दोन वर्षांपूर्वी माझ्या ब्लॉकमध्ये दोन मुलींचे बारकोड अदलाबदल झाले होते. त्याचा लेखी खुलासा द्यावा लागला. तेव्हापासून माझं निम्मं लक्ष त्या स्टिकरवर असतं. हॉल तिकीट हातात घेतो, फोटो बघतो, समोरचं तोंड बघतो, क्रमांक ताडतो, पुढच्या बाकावर. शाळा ते साध्या कागदावर छापून देते, मुख्याध्यापकांची सही, शिक्का. मागची बाजू कोरी. निदान असायला हवी.

सूचनाही वाचून दाखवायच्या असतात. भूमितीचा पेपर येईपर्यंत मुलांना त्या पाठ झाल्या असतील असं मी धरून चाललो आणि स्टेशनवरच्या घोषणेसारख्या वाचून टाकल्या. हॉल तिकिटावर काहीही लिहू नये, हे वाक्य त्यात होतं. मी ते वाचलं, एवढं नक्की. किती जणांना ऐकू गेलं, ते सांगता येणार नाही.

पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी मिळायची, वाचायला. तेवढ्या वेळात ती मोबाइलवरून गावभर फिरायला लागली, म्हणून २०२३ पासून ते बंद झालं आणि ती दहा मिनिटं शेवटी जोडली. आता अकराची घंटा होते, पेपर हातात पडतो आणि पोरं थेट तुटून पडतात. त्या पहिल्या दोन मिनिटांत सगळ्यांच्याच माना खाली. तिसऱ्या रांगेतली ती मुलगीही खाली मान घालून भराभर काहीतरी लिहीत होती. हे मी पाहिलं. कशावर लिहितेय, ते पाहिलं नाही.

अकरा वाजून बारा मिनिटं झाली आणि महिला भरारी पथक आत आलं. दोघी. त्यातल्या ज्येष्ठ बाई कामाला चोख होत्या, ते मान्य करतो. आरडाओरडा नाही, पोरांच्या अंगावर जाणं नाही. रांगेतून सावकाश चालल्या, तिसऱ्या बाकाशी थांबल्या, बाकावर पालथं पडलेलं हॉल तिकीट दोन बोटांनी उचललं. मागच्या बाजूला निळ्या पेनाने एक तक्ता. ०, ३०, ४५, ६०, ९०, आणि त्याखाली साइन, कॉस, टॅन.

"हे काय?"

"मॅडम, आत्ता लिहिलं. बेल झाल्यावर."

बाई माझ्याकडे वळल्या. "सर, तुम्ही तपासलंत तेव्हा मागची बाजू कोरी होती?"

आतापर्यंत हा प्रश्न मी मनात शंभर वेळा पुन्हा ऐकलाय. तेव्हा उत्तर द्यायला एक क्षणही लागला नाही. "मागची बाजू बघितली नव्हती, मॅडम."

दुपारी शिक्षकांच्या खोलीत एकजण म्हणालेच, "कोरी होती म्हणून मोकळं व्हायचं की, सर! पोरीचा वेळ वाचला असता." हे तेच गृहस्थ, जानेवारीत कॉपीमुक्त सप्ताहात पोरांकडून शपथ वदवून घेताना माइकवर सगळ्यात मोठा आवाज ज्यांचा होता. पण म्हणणं खोडून काढता येईना. बरं, मी खरं बोललो ते सत्याच्या प्रेमाने, असंही छातीठोकपणे म्हणवत नाही. बाईंच्या हातात वही होती, त्यात माझं नाव लिहिलं जाणार होतं, आणि उद्या काही निघालं तर सही माझी. त्या भीतीचा वाटा किती होता, ते माझं मलाही नीट वेगळं काढता येत नाही.

उत्तरपत्रिका बाजूला ठेवली गेली. केंद्रसंचालक आले. मुलीला मागच्या रिकाम्या बाकावर बसवलं. रडली नाही. ओठ पांढरे झाले होते. बाकी चोवीस जण लिहीत होते, पंखा कुरकुरत होता, आणि मी मध्ये उभा, कुणाच्याच कामाचा नाही.

बाईंनी उत्तरपत्रिका चाळली. त्रिकोणमितीचं एकही उदाहरण अजून घेतलेलं नव्हतं. मग त्यांनी एक कोरा कागद पुढे केला, हॉल तिकीट स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, "लिही परत."

मुलीने डावा हात बाकावर ठेवला, तळवा वर. करंगळीकडे बघितलं, शून्य. अनामिका मुडपली. तिच्या खाली एक बोट, वर तीन. लिहिलं. मधलं मुडपलं. खाली दोन, वर दोन. लिहिलं, थांबली, त्यावर काट मारली, शेजारी पुन्हा लिहिलं. तर्जनी, अंगठा. टॅनची ओळ भागाकार करून. मिनिटभरसुद्धा लागलं नसेल. मी पोरांना बोटांवर महिने मोजताना पाहिलंय, हे पहिल्यांदाच पाहत होतो.

बाईंनी दोन्ही कागद शेजारी धरले. आकडे तेच. ४५ च्या खाली काटही त्याच जागी.

"एवढं येतंय तर लिहून कशाला ठेवलंस?"

"टेन्शनमध्ये मध्येच विसरायला होतं, मॅडम. सर म्हणाले होते, पेपर मिळाला की आधी तक्ता काढून ठेवायचा. सरावाला ते कच्चा कागद द्यायचे."

"कच्चं काम उत्तरपत्रिकेतच करायचं असतं. शेवटच्या पानावर."

"हो, मॅडम."

त्यावर बाई गप्प झाल्या. मग समज दिली, वहीत दोन ओळी लिहिल्या, माझी सही घेतली, केंद्रसंचालकांची घेतली. प्रकरण पुढे पाठवलं नाही. उत्तरपत्रिका परत मिळाली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा एकतीस. एकोणीस मिनिटं.

मी केंद्रसंचालकांना दारापर्यंत गाठून विचारलं, हिला शेवटी पंधरा मिनिटं देता येतील का. "सर, घंटा सगळ्यांना एकच. मला अधिकार नाही." खरं आहे, नाही. दिव्यांग मुलांना सवलतीचा वेळ मिळतो, तो आधी मंजूर झालेला. पर्यवेक्षकाच्या हलगर्जीपणाची वेगळी सवलत कोणी मंजूर करणार?

कुणाला वाटेल पथकावर राग काढतोय. नाही. चिठ्ठ्या मोज्यात, कंपासच्या डबीत, उलट्या शिवलेल्या खिशात मीही पकडल्यात. बोटभर कागदावर झेरॉक्समध्ये लहान करून आणलेला अख्खा धडा पाहिलाय, जो वाचायला भिंग लागलं असतं. त्या बाईंनी विचारलं नसतं तर त्यांचं चुकलं असतं. राग आहे तो वेगळाच. आमच्याकडे पुण्यात खिडकीला लटकून कॉपी पुरवणारे फारसे दिसत नाहीत, त्याचा आम्हाला कोण अभिमान. इथे आदल्या रात्री फोन येतो. "सर, आमचा भाचा तुमच्या केंद्रावर आहे, जरा लक्ष असू द्या." लक्ष! आणि अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण? आमच्या शाळेत अठराच्या खाली कुणी उतरत नाही, ज्याने वही कधी उघडली नाही तोसुद्धा. त्या वीस गुणांच्या मागे मी आजवर एकही पथक आलेलं बघितलं नाही. ते गुण मीही देतो, दरवर्षी, सही करून.

एक वाजून दहा मिनिटांनी घंटा झाली. भूमितीत चौथा प्रश्न आठ गुणांचा, पाचवा तीनचा. अवघड माल शेवटी. गठ्ठा गोळा करत तिच्याशी आलो तेव्हा ती कंपासने कंस काढत होती. पेन्सिल उचलली नाही, मी हात पुढे केल्यावर उचलली. हॉल तिकीट तिच्याकडे परत आलं होतं. मी विचारलं, राहिला का काही?

"पाचवा पूर्ण. चौथ्यातला एक अर्धा."

जिन्यात दोन मिनिटं बोललो. महापालिकेची शाळा, घर दांडेकर पुलाजवळ. घरात एकच खोली, म्हणून रात्री नऊ ते साडेअकरा अभ्यासिकेत, स्पर्धा परीक्षावाल्या दादा-ताईंच्या मध्ये. न्यायला आई येते. अप्पा बळवंत चौकातून जुना अपेक्षित प्रश्नसंच निम्म्या किमतीत घेतला होता, पण त्यात आधीच्या पोराने उत्तरं लिहून ठेवलेली. मग ती पट्टीने झाकून सोडवायची. "दिसली की आपल्याला येतंय असं वाटतं, सर," म्हणाली. मला माफ करा वगैरे म्हणायचं मनात होतं. विज्ञानाचा पेपर यायचा होता. "सूचना नीट ऐकत जा," एवढंच म्हणालो. माझ्या तोंडून!

संध्याकाळी गणिताच्या सरांना सगळं सांगितलं. आठवत होता तसा तक्ताही काढून दाखवला. त्यांनी ४५ च्या खाली बोट ठेवलं. "काट कशावर होती?" मी म्हटलं, आधी √२/२ लिहिलं, मग खोडून १/√२.

ते हसायला लागले. "अहो, पुस्तकात १/√२ च छापलंय. पुस्तकातून उतरवणारा √२/२ लिहीलच कशाला? ते फक्त हातावरून येतं. खाली दोन बोटं, त्याचं वर्गमूळ, छेदाला दोन. मग पोर ते पुस्तकासारखं करते. ती काट म्हणजे तिने तिथे बसून काढलंय याचा पुरावा होता, सर. मी असतो तर उभ्या उभ्या सांगितलं असतं."

ते नव्हते. त्यांनी नसावं हाच नियम. आणि मी तिथे होतो, नियमाप्रमाणेच, कारण मला त्यातलं काही कळत नाही. हे सांगितल्यावर सर म्हणाले, "घरून हातावरून लिहून आणलं असतं तरी काट आलीच असती म्हणा." मग आम्ही दोघेही गप्प. गणिताचा माणूस, पुरावासुद्धा पुरा टिकू देत नाही.

तिचा बैठक क्रमांक माझ्या लक्षात राहिला होता. १३ मेला निकाल लागला. संकेतस्थळावर बैठक क्रमांकासोबत आईचं नाव टाकावं लागतं. तेही हॉल तिकिटावर वाचलं होतं. पुढची बाजू मी नेहमीच नीट वाचतो. असं परक्या मुलीचं बघावं की नाही, या विचारात दुपार गेली. रात्री बघितलं. उत्तीर्ण. मराठी ८८. विज्ञान ८१. गणित ७९.

बीजगणित ४०, भूमिती ४०, अंतर्गत २०. पण गुणपत्रिकेवर तिन्ही मिळून एकच आकडा येतो. मी पडदा वर-खाली सरकवून पाहिला, कुठे वेगवेगळे दिलेत का. नाहीत.