पाच वाजून सात मिनिटं

आमच्या सरांचं एक वाक्य लॅबमध्ये प्रसिद्ध आहे. पूर्वी प्रॅक्टिकलच्या दिवशी पोरांच्या आज्या वारायच्या, आता पोरांना अपडेट येतात. जर्नल का नाही आणलं? लॅपटॉपला अपडेट आला सर. प्रोग्रॅम कुठंय? अपडेटमध्ये उडाला सर. हे ऐकून मी नेहमी हसायचो, कारण मी सरांच्या बाजूला उभा असायचो. कमवा व शिका योजनेत कुणाला बाग मिळते, कुणाला लायब्ररीतली धूळ. मला कॉम्प्युटर लॅब मिळाली होती. किल्लीसकट.

कॉलेज नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात बसत नाही) एका तालुक्याच्या गावी. लॅबमध्ये ३२ मशिन्स, आठ-आठच्या चार रांगा. प्रत्येकावर विंडोज टेन आणि उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) दोन्ही. सकाळी लॅब उघडायची, माऊस मोजायचे, संध्याकाळी दाराशेजारच्या बोर्डातले चार एमसीबी (विजेचे खटके) खाली पाडायचे, रांगेला एक, आणि कुलूप. काम सोपं होतं. अवघड भाग एकच, अपडेट.

विंडोजचे महिन्याचे अपडेट दुसऱ्या मंगळवारी निघतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे बुधवारी सकाळी मी मेन वर केला की ३२ मशिन्स एकदम नेटवर तुटून पडायची आणि पहिल्या तासाची पोरं पांढऱ्या स्क्रीनकडे बघत बसायची. म्हणून सरांनी अपडेट थांबवून ठेवायला सांगितलेलं. विंडोज टेन ३५ दिवस थांबतं. त्यानंतर आधी साचलेलं सगळं बसवून घ्यायचं, मग पुन्हा थांबवायचं. २०२४ च्या दिवाळीच्या सुमाराला आमचे ३५ दिवस नेमके एसवायच्या प्रॅक्टिकलच्या आठवड्यात संपत होते.

शुक्रवारी सर म्हणाले, "रविवारी सकाळी ये. सगळ्यांवर अपडेट सोड. रिस्टार्ट होऊन लॉगिन स्क्रीन दिसेपर्यंत जागचं हलायचं नाही. चार-पाच तास जातील, डबा आण."

"हो सर," मी म्हटलं.

माझ्या फोनवर मात्र अपडेट ३५ दिवस काय, ३५ मिनिटं थांबत नसे. गेमचा नवा सीझन आला की मी जागा राहून उतरवून घ्यायचो. फोन ६४ जीबीचा, त्यात जागा कधीच नसायची. एकदा डीबीएमएस या विषयाच्या नोट्सचं अख्खं फोल्डर उडवलं, एकदा बहिणीच्या साखरपुड्याचे व्हिडिओ. ते कुणाकडून तरी परत मिळतील असं स्वतःला सांगितलं. मिळाले नाहीत. म्हणजे मी मागितलेच नाहीत.

हे कधीपासून, तर आमची दहावीची बॅच भूगोलाचा पेपर न देता पास झालेली. २०२० चा लॉकडाऊन, ऑनलाइन अकरावी, आणि त्यासाठी वडिलांनी कांदा विकून घेतलेला फोन. त्याआधी मी मित्राच्या फोनवर पबजी खेळायचो, आता ती घरात आली. २ सप्टेंबर २०२० ला बंदीची बातमी आली तेव्हा आईनं सरकारला दुवा दिला. तिला माहीत नव्हतं की फोनमध्ये आधीच असलेला गेम चालूच होता. भारतातली सेवा ३० ऑक्टोबरला थांबली आणि मी त्या दिवसापर्यंत खेळलो. मग २०२१ च्या जुलैत तो बीजीएमआय म्हणून परत आला, २०२२ च्या जुलैत पुन्हा गायब, २०२३ च्या मेमध्ये पुन्हा हजर. गेम बंद व्हायचा, मी होत नव्हतो. एक गेला की दुसरा सापडायचा. मेमध्ये परत आला तेव्हा अठराच्या आतल्यांना दिवसाला ३ तास, मोठ्यांना ६ तास अशी मर्यादा घालून आला होता. मी सहा तास संपले की चुलतभावाच्या अकाउंटवरून जायचो.

त्याच वर्षी एफवायला वायडी लागली, म्हणजे इयर डाऊन, तेच वर्ष पुन्हा. घरी सांगितलं, पेपर अवघड होते. ते खोटं नव्हतं. न वाचता अवघडच जातात.

तर तो रविवार. शनिवारी रात्री नवा सीझन आलेला. पहाटे साडेचारला झोपलो, दहाचा गजर बंद केला, अकराचाही केला. लॅबला पोचलो तेव्हा पावणेतीन वाजले होते. डबा नव्हता. साडेपाचला आमच्या टीमची स्क्रिम होती, म्हणजे दुसऱ्या टीमशी सरावाची मॅच. चौघांत मी सपोर्टर. एक जण लातूरचा, एक कराडचा, एक नांदेडचा; एकालाही मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. पण या तिघांना मी एकदाही ताटकळत ठेवलं नव्हतं, हे अभिमानानं सांगायचो. कोण खाली पडला की सगळ्यात आधी मी पोचायचो.

३२ मशिन्सवर एकेक करून अपडेट सोडला. एकच नेटलाइन, ती रडतखडत चाललेली. पावणेपाचला काही मशिन्स अजून डाउनलोडच करत होती, बरीचशी रिस्टार्ट होऊन निळ्या स्क्रीनवर आली होती. गोल गोल फिरणारे ठिपके, ३० टक्के, आणि खाली इंग्रजीत सूचना की संगणक बंद करू नका. मी पहिल्या रांगेपुढं उभा राहून ते आकडे बघत होतो. ३० चं ३१ व्हायला चार मिनिटं लागली. हिशोब केला: या वेगानं रात्रीचे साडेनऊ. इथून खोलीवर जायला वीस मिनिटं. फोनची बॅटरी १८ टक्के.

लॅब उघडी टाकून जाता येत नव्हतं, आणि मशिन्स चालू ठेवून कुलूप लावायला सरांची सक्त मनाई होती. शॉर्टसर्किटची भीती. यूपीएस महिनाभर दुरुस्तीला गेलेला. मग स्वतःला म्हटलं, उद्या सकाळी चालू केली की जिथून थांबली तिथून पुढं जातील. गेमचं डाउनलोड तसंच जातं की.

खट. खट. खट. खट. ३२ पंखे घरघरत हळूहळू गप्प झाले. मी पळत सुटलो.

स्क्रिम आम्ही जिंकलो, हेही सांगितलं पाहिजे.

सोमवारी साडेआठला मेन वर केला. १३ मशिन्स नीट आली. १५ मशिन्सवर निळी स्क्रीन, केलेले बदल मागे घेतोय, थांबा. आणि चार मशिन्स दुरुस्ती, रिस्टार्ट, पुन्हा दुरुस्ती अशी स्वतःभोवती फिरत होती. विंडोज फाईली बदलत असताना वीज गेली की असंच होतं. डाउनलोड मधेच थांबलं तर काही बिघडत नाही, पण बसवत असताना थांबलं तर घराच्या भिंती अर्ध्या पाडून मिस्त्री पळून गेल्यासारखं. हे मला वर्गात शिकवलेलं होतं. मार्कही होते त्याला.

परीक्षा दहाला. बॅच वीस जणांची. शिपाईमामा एक्स्टर्नल मॅडमच्या टेबलावर स्वच्छ चादर घालत होते, पाण्याची बाटली, स्लिपा ठेवायला स्टीलची ताटली. बाहेर पोरं जर्नल छातीशी धरून उभी. मी मशीनमागून मशीन बंद-चालू करत होतो आणि प्रत्येक वेळी आकडा शून्यापासून सुरू होत होता.

सर आत आले. चारही रांगांवरून नजर फिरवली.

"काय झालं रे?"

"अपडेट आला सर. रात्री."

तोंडातून किती सहज निघालं. इतकं सहज की पहिल्यांदा मलाच खरं वाटलं.

सर हसले नाहीत, बोललेही नाहीत. घड्याळ बघितलं. "सगळी लिनक्सला टाक," म्हणाले. मशीन सुरू होताना काळ्या स्क्रीनवर कुठली सिस्टीम हवी ती यादी येते, दहा सेकंद थांबते. रोज आम्ही तिच्याकडं बघतसुद्धा नाही. त्या दिवशी मी ३२ वेळा वरचा बाण दाबला. विंडोजची निम्मी भिंत पडली होती, पण उबंटू डिस्कच्या वेगळ्या भागात होतं, त्याला काहीच झालेलं नव्हतं. मॅडम आल्या तेव्हा ३२ च्या ३२ मशिन्स जांभळट स्क्रीन घेऊन उभी होती. परीक्षा वीसच मिनिटं उशिरा सुरू झाली.

हाल झाले ते पोरांचे. सिलॅबसात लिनक्स आहे, पण सगळ्यांनी वर्षभर पोस्टग्रेस या डेटाबेसचा सराव विंडोजवर, पीजीअ‍ॅडमिनमध्ये क्लिक करून केलेला. इथं नुसतं काळं टर्मिनल. अकरा नंबरच्या मशीनवरची मुलगी, वर्गातली हुशार, क्वेरी टाइप करून एंटर दाबून हात मांडीवर ठेवून बसली होती. उत्तर येईना. मला मागून दिसत होतं: शेवटचा अर्धविराम राहिला होता. तो दिला नाही तर पीएसक्यूएल, म्हणजे टर्मिनलमधलं पोस्टग्रेस, चूक दाखवत नाही, फक्त ओळीच्या सुरुवातीचं बरोबरचं चिन्ह बदलून आडवी रेघ येते आणि ते तुमच्या पुढच्या शब्दाची वाट बघत बसतं. दोघंही वाट बघत होते. मला बोलायची परवानगी नव्हती. सात मिनिटं गेली. तिचे कान लाल झाले. मग मॅडमच उठून मागं येऊन उभ्या राहिल्या आणि नुसतं म्हणाल्या, "वाक्य पूर्ण झालंय का बाळा?" तिनं अर्धविराम दिला आणि टेबल धडाधडा उतरलं.

माझी स्वतःची बॅच दुपारची होती. लिंक्ड लिस्टचा प्रोग्रॅम आला. झाला.

साडेचारला सगळे गेल्यावर सरांनी मला थांबवलं. नीट सुरू झालेल्या १३ मशिन्सपैकी एकाला त्यांनी विंडोज दिलं आणि इव्हेंट व्ह्यूअर उघडला. विंडोज स्वतःची रोजनिशी लिहितं हे मला ठाऊक होतं, ती कुणी वाचतं हे नव्हतं. ६००८ क्रमांकाची नोंद. आधीचं शटडाऊन अनपेक्षित होतं, अमुक तारीख, सायंकाळी ५:०७.

"रजिस्टर घे. मशीन नंबर आणि वेळ लिही."

तेराही मशिन्सवर जाऊन मी ती नोंद उघडली, सरांना मोठ्यानं वाचून दाखवली आणि लॅबच्या रजिस्टरमध्ये लिहिली. तीन नंबर, पाच वाजून सात. चार नंबर, पाच वाजून सात. नऊ नंबर, पाच वाजून सहा. वीज गेली असती तर गावाची गेली असती, आणि अपडेट रात्री आला असता तर पाचला शटडाऊन कशाचं? सरांनी यातलं काहीच विचारलं नाही. ते खिडकीतून ग्राउंडवरची क्रिकेट प्रॅक्टिस बघत होते. मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

रजिस्टरला शेवटचा रकाना 'कारण' असा आहे. तिथं पेन थांबलं.

"लिही की," सर म्हणाले. "अपडेट आला, लिही."

मी लिहिलं: मेन बंद केला.

"कोणी?"

नाव लिहिलं.

"कशासाठी?"

"रकान्यातली जागा संपली सर."

सर पहिल्यांदा माझ्याकडं वळले. "बरं. ते घरी जाऊन दुसऱ्या कागदावर लिही. मला दाखवू नको." आणि हात पुढं केला. "किल्ली."

चार मशिन्सवर विंडोज नव्यानं टाकावं लागलं. चार संध्याकाळी, सर स्वतः थांबून, मी काम करतोय आणि ते पेपर तपासतायत. त्या चार संध्याकाळी मी स्क्रिमला गेलो नाही. पाचव्या दिवशी ग्रुपवर बघितलं तर नवा सपोर्टर आलेला होता, नागपूरचा. कुणी काही बोललं नव्हतं, माझा नंबर नुसता काढलेला. खरं सांगतो, किल्ली गेली त्यापेक्षा हे जास्त लागलं. मग त्याचंच वाईट वाटलं.

त्यातल्याच एका संध्याकाळी, एका मशीनवर विंडोज टक्क्याटक्क्यानं बसत असताना शेजारच्या मशीनवर मी वाचलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, गेमिंग डिसऑर्डर नावाचा प्रकार आहे आणि ती यादी २०२२ पासून लागू आहे. खुणा तीनच दिल्यात. खेळण्यावर ताबा राहत नाही. बाकी सगळ्याच्या आधी खेळ येतो. आणि नुकसान दिसत असूनही ते चालूच राहतं. हे साधारण वर्षभर दिसलं तर तो आजार म्हणायचा. म्हणजे जो कोणी खूप खेळतो तो आजारी, असं नाही. तिसरी खूण वाचताना मला ३० टक्क्यांची निळी स्क्रीन आठवली. ती दिसत होतीच की मला. वाचतासुद्धा येत होती.

आठवड्यानं १४४१६ ला, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन केला, लॅबच्या मागच्या गॅलरीतून. वाटलं होतं गेमबद्दल विचारतील. पलीकडच्या ताईंनी आधी विचारलं, झोप किती वाजता लागते? आणि जेवण? मला एकाचंही सरळ उत्तर देता आलं नाही. तिथून सुरुवात झाली. गेम मी त्यानंतर दोनदा काढला आणि दोनदा परत टाकला. तिसऱ्यांदा काढला तो आत्तापर्यंत नाही. आत्तापर्यंत, एवढंच लिहितो.

किल्ली जानेवारीत परत मिळाली. सरांनी न बोलता टेबलावर ठेवली.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज टेनचा नेहमीचा सपोर्ट संपला. आमच्या मशिन्सचे प्रोसेसर जुने, विंडोज इलेव्हन त्यांना उभं करत नाही. सरांनी बहुतेक लॅब नुसत्या उबंटूवर नेली. पोरांनी तोंडं वाकडी केली, अकरा नंबरवालीनं नाही. उबंटूलाही अपडेट असतात, फक्त टर्मिनलमधून घेतले की बसवायच्या आधी ते विचारतं, पुढं जायचं का, वाय की एन. मागच्या रविवारी मी साडेनऊला लॅबवर होतो. डब्यात पिठलं-भाकरी. एकेका मशीनवर वाय दाबत गेलो.

पाचच्या सुमाराला फोन खिशात थरथरला. बघितला नाही असं नाही. बघितला आणि परत ठेवला.

शिपाईमामा दारात किल्ल्यांचा जुडगा वाजवत उभे होते. "झालं का रे बाळा? पाडू का मेन?"

"थांबा मामा," मी म्हटलं. "सत्तावीस नंबर राहिलंय."