यानातला कार्बन डायऑक्साइड आणि झिओलाइटची नळी: माझा अनुभव

एक अंतराळवीर दिवसाला साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासावाटे सोडतो. तो लिथियम हायड्रॉक्साइडने शोषायचा तर कागदावरच्या हिशेबानेही माणशी रोज १.१ किलो लागतं, आणि वापरलेलं फेकावं लागतं. अपोलोच्या मोजक्या दिवसांना ते पुरलं. अवकाश स्थानकात माणसं महिनोन् महिने राहतात; तिथे तापवून पुन्हा वापरता येणारं झिओलाइटसारखं शोषक हवं; झिओलाइट म्हणजे सूक्ष्म छिद्रांत वायू धरून ठेवणारं स्फटिकी खनिज.

प्रयोगशाळेत झिओलाइटच्या मण्यांनी भरलेली नळी चालवताना माझं निम्मं लक्ष पाण्यावर असतं. १३एक्स हा झिओलाइटचा प्रकार पाणी आधी धरतो, कार्बन डायऑक्साइड नंतर. म्हणून स्थानकावरच्या यंत्रातही हवा आधी सिलिका जेलसारख्या शोषकांतून कोरडी होते आणि मगच झिओलाइटकडे जाते.

मणी २ मिलिमीटरचे असतील तर नळीचा आतला व्यास ४० मिलिमीटर घेतो. अरुंद नळीत वायू भिंतीलगतच्या पोकळीतून निसटतो आणि मोजमाप खोटं येतं. मणी थोडे थोडे ओतून, नळीला हलके टिचकवत बसवायचे. वर जाळी आणि स्प्रिंगचा दाब. मग नळीतच, कोरड्या नायट्रोजनच्या प्रवाहात, ३५० अंशांपर्यंत तापवायचं, पण मिनिटाला २ अंशांहून जलद नाही आणि १२० अंशांवर बराच वेळ थांबून. ओले मणी घाईने तापवले तर वाफेने त्यांची स्फटिकरचनाच बिघडते. बाहेर भट्टीत तापवून मग भरणं मला पटत नाही: पावसाळी हवेत ओतता ओतताच ते ओल खातात.

चाचणीच्या वायूत ०.२६ टक्के कार्बन डायऑक्साइड ठेवतो. वातावरणीय दाबाला त्याच्या वाट्याचा दाब पाऱ्याचे २ मिलिमीटर भरतो. दवबिंदू उणे ६० अंशांखाली हवा, म्हणजे वायू अगदी कोरडा हवा. प्रवाह वरून खाली, म्हणजे मणी उसळून एकमेकांवर घासत नाहीत.

बाहेर पडणारं प्रमाण हळूहळू चढून ०.२६ वर स्थिरावायला हवं. ते त्याच्याही वर गेलं, तर आत पाणी शिरलंय आणि धरलेला कार्बन डायऑक्साइड ते हुसकावतंय, असं समजा. तिथेच चाचणी थांबवा. मणी पुन्हा वापरण्याजोगे करण्याच्या नेहमीच्या २०० अंश आणि निर्वाताच्या पुनरुज्जीवनाने हे पाणी पुरतं निघत नाही. पुन्हा ३५० अंश गाठावे लागतात.

दुसरा त्रास धुळीचा. दर फेरीत तापणं-निवणं होतं, मणी झिजतात, पीठ सुटतं, थर खचतो आणि वर मोकळी जागा राहते. मग मणी हलतात, आणखी पीठ पडतं. स्थानकावर याच धुळीने झडपा अडकल्या होत्या. २०२१ मध्ये तिथे पाठवलेल्या नव्या यंत्रात चौकोनी पेट्यांऐवजी गोल नळकांडी आली, हा बदल मला फार मोलाचा वाटतो. नळीच्या दोन टोकांमधला दाबातला फरक दर फेरीला लिहून ठेवा. तो चढू लागला की आधी बाहेरची गाळणी उघडून बघा, मग स्प्रिंग किती खाली आलीय ते मोजा.